‘मगे कळयतव’ वाजवणारी गिटार

मित्रांनो, गिटार म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर दुकानाच्या काचेमागे उभी असलेली चकचकीत, नवी गिटार येत असेल. मी तशी नाही. मी जुनी आहे आणि खरं सांगायचं तर थकलेली आहे. माझ्या पोटावर एक चीर आहे. तारा पिळायच्या सहा खुंट्यांपैकी दोन सैल झाल्या आहेत. दोडामार्ग तालुक्यातल्या एका घरात, माजघराच्या भिंतीवर, एका खिळ्याला मी टांगलेली असते. माणसांना हसवण्यात माझं आयुष्य गेलं. हसवणं हे किती दमवणारं काम आहे, ते मला विचारा.

माझा जन्म गोव्यातला. म्हापशाजवळ एका म्हाताऱ्या सुताराचं छोटंसं दुकान होतं. त्याने मला घडवलं. माझी पाठ आणि बाजू फणसाच्या लाकडाच्या आहेत. तो प्रत्येक फळी कानाशी धरायचा, बोटाने टकटक करायचा, आणि मनासारखा आवाज आला तरच ती कामाला घ्यायचा. पुढे कित्येक वर्षं मी एका संगीताच्या मास्तरांकडे होते. ते मुलांना प्रार्थनेची गाणी शिकवत. तिथे मी कधी दमले नाही. मास्तर वारले आणि त्यांच्या घरच्यांनी मला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आणून ठेवलं. एका बाजूला सुकी मासळी, दुसऱ्या बाजूला मातीची मडकी, आणि मध्ये मी. माझ्या चारच तारा शिल्लक होत्या.

तिथे मला गुरुदास गवस भेटला. वय सव्वीस. तो गोव्यातल्या एका औषधांच्या कारखान्यात खोकी भरायचं काम करत असे. सकाळी सहाच्या बसने जायचा, संध्याकाळी अंधार पडता पडता परत यायचा. त्याने मला उचललं, उरलेल्या तारांवरून अंगठा फिरवला आणि स्वतःशीच हसला. मी त्याच्या खांद्यावर बसून त्याच्या घरी आले. घरी त्याची आई राधाबाई होती आणि त्याच्याहून चार वर्षांनी मोठी बहीण संचिता. दोडामार्गच्या बाजारात संचिताचं शिलाईचं छोटं दुकान होतं. ब्लाउज शिवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

राधाबाईने मला पाहून विचारलं, “ह्या खातला काय रे?”

“खात नाय गो आये. गाता,” गुरुदास म्हणाला.

“मगे ऱ्हवांदे.”

असं मला त्या घरात ठेवून घेतलं गेलं आणि गुरुदासने माझ्या तुटलेल्या दोन तारा नव्याने बसवल्या.

गुरुदासला गिटार फारशी येत नव्हती. कारखान्यातल्या एका मित्राने जेवणाच्या सुट्टीत त्याला चार कॉर्ड शिकवल्या, त्यावरच त्याचं सगळं चालायचं. पण त्याच्याकडे दुसरी गोष्ट होती. माणसं कशी बोलतात, कुठे अडतात, कुठे खोटं बोलताना कान खाजवतात, हे त्याला दिसायचं. बसच्या प्रवासात तो औषधांच्या खोक्यांच्या फाटक्या पुठ्ठ्यांवर गाणी लिहायचा. मोबाईलला रेंज मिळावी म्हणून अख्खी वाडी काजूच्या डोंगरावर चढते आणि वर गेल्यावर कोणाला फोन करायचा तेच विसरते, हे एक गाणं. गोव्याहून पिशवीत नुसते पाव घेऊन येणारा त्याचा मामा इन्सुलीच्या दारू तपासणाऱ्या नाक्यावर उगाचच घामाघूम होतो, हे दुसरं. तो मामा पहिल्या रांगेत बसून स्वतःच्या गाण्यावर सगळ्यांत मोठ्याने हसायचा. हसू शब्दांत कमी असतं आणि शब्दांनंतरच्या थांबण्यात जास्त असतं, हे मला तेव्हा कळलं. ते थांबणं माझं काम होतं. गुरुदास तळहाताने माझ्या तारा दाबून धरायचा, मी गप्प व्हायचे, आणि त्या गप्प बसण्यावर माणसं हसत सुटायची. ते दिवस चांगले होते.

मग ते गाणं आलं.

संचिताला तेव्हा बघायला येणं चालू होतं. दर महिन्या-दोन महिन्यांनी कोणीतरी यायचं. पोहे व्हायचे, चहा व्हायचा, आणि जाताना पाहुणे एकच वाक्य बोलायचे, ‘मगे कळयतव.’ म्हणजे नंतर कळवतो. कोणीही काही कळवत नसे. एका रविवारी दुपारी असेच पाहुणे गेले. त्यांतला एक गृहस्थ निघताना गोठ्यात डोकावला होता आणि म्हशीचं फार कौतुक करून गेला होता. संचिता स्वयंपाकघरात कपबशा विसळत होती. राधाबाईने विचारलं, “काय म्हणाले गो?”

पाठ न वळवता संचिता म्हणाली, “म्हस बरी आसा म्हणाले. चेडवाचा मगे कळयतव.”

चेडू म्हणजे आमच्याकडे मुलगी. मायलेकी हसल्या. ओट्यावर बसलेला गुरुदास तर पोट धरून हसला. त्याच आठवड्यात पुठ्ठ्यावर गाणं उतरलं :

पयलो पावणो इलो, चाय पिवन गेलो,
दुसरो पावणो इलो, फणस मोजून गेलो,
तिसरो म्हणालो, म्हस बरी आसा,
चेडवाचा मगे कळयतव!

‘कळयतव’ झालं की माझ्या पोटावर दोन टिचक्या, आणि मग ती शांतता. पहिल्यांदा हे गाणं वाडीतल्या सार्वजनिक सत्यनारायणाच्या पूजेला म्हटलं. संचिता बायकांत बसली होती, तीही हसली. कोणीतरी मोबाईलवर ते टिपलं. आठ दिवसांत ते सावंतवाडीला पोचलं, महिन्याभरात तळेऱ्याला आणि तिथून देवगडपर्यंत. मग आम्हाला बोलावणी येऊ लागली. गणपतीचे कार्यक्रम, शाळांची स्नेहसंमेलनं, हळदी, पतसंस्थेचा वर्धापनदिन. लोक गुरुदासला नावाने ओळखेनात, ‘तो म्हशीवालो’ म्हणू लागले. माझ्या गळ्यात हार पडले. वर्तमानपत्रात माझा अर्धा फोटोही आला.

सुरुवातीला मला फार अभिमान वाटला, मित्रांनो. ते मी लपवणार नाही.

त्यानंतर दोन महिन्यांनी संचिताला बघायला पुन्हा एक कुटुंब आलं. मुलगा माध्यमिक शाळेत शिक्षक होता, माणूस साधा होता. संचिताने त्याच्याशी पाच-दहा मिनिटं अंगणात गप्पाही मारल्या. ते पाहून राधाबाईने देवापुढे सुपारी ठेवली. निघायची वेळ झाली तेव्हा मुलाच्या आत्याने भिंतीवर मला पाहिलं. तिने संचिताकडे निरखून बघितलं आणि विचारलं, “तू तीच काय गो? गाण्यातली?”

संचिता रिकाम्या कपबशा गोळा करू लागली. आत्या अंगणात उतरली, गोठ्याकडे बघून हसली आणि मोठ्याने म्हणाली, “मगे कळयतव हां!” सगळे पाहुणे हसले. तो शिक्षकही हसला. त्यांच्याकडून काही कळलं नाही.

त्या संध्याकाळी गुरुदास कामावरून आला तेव्हा संचिता घरच्या शिलाई मशीनवर बसली होती. तिने पाय थांबवला.

“गुरु, ह्या गाणा आता म्हणू नको.”

“लोक ताच मागतत गो ताये. दुसरा म्हटलंय तर हात वर करून ताच मागतत.”

“दुकानात बायका मापा देताना गुणगुणतत. माझ्या समोर.”

“तुझा नाव खंय आसा त्यात?”

संचिताने त्याच्याकडे बघितलं आणि मशीन चालू केली. तिने पुन्हा कधी विषय काढला नाही. गप्प बसली म्हणजे तिचं काही म्हणणं उरलं नाही, असं गुरुदासने सोयीने धरलं. मीही तेच धरलं.

पुढची दोन वर्षं आम्ही ते गाणं म्हणत राहिलो. किती वेळा, ते मी मोजलं नाही. तेच तीन पाहुणे, तीच म्हैस, त्याच दोन टिचक्या. टिचक्या पडून पडून माझ्या पोटावर त्या जागचं पॉलिश उडालं. एकदा मे महिन्यात बसच्या टपावर तापून माझ्या फळीला चीर गेली. गुरुदासने त्यावर चिकटपट्टी लावली, कारण दुसऱ्या दिवशी कुडाळला कार्यक्रम होता. कारखाना, बस, कार्यक्रम, पुन्हा सकाळी सहाची बस. त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं. पुठ्ठ्यावर नवीन काही लिहायचं त्याने सोडून दिलं. गाताना तो चेहऱ्याने हसायचा, पण बोटं माझ्या गळ्यावर असायची ना, मला ती थंड लागायची. आता लोक थांबण्याच्या आधीच हसू लागले होते. पुढे काय येणार ते त्यांना पाठ होतं.

मग किशोरीची हळद आली. किशोरी ही गुरुदासची चुलत बहीण. हळद घरचीच, मांडव तिच्या अंगणात. संचिताने नवरीचा ब्लाउज शिवला होता आणि ती बायकांत पुढेच बसली होती. गुरुदासने रेंजचं गाणं म्हटलं, मामाचं म्हटलं. मग मांडवातून आवाज सुरू झाला, “म्हस! म्हस!”

त्याने सुरुवात केली. पहिला पाहुणा चहा पिऊन गेला. लोक हसले आणि हसता हसता सगळ्यांच्या माना संचिताकडे वळल्या. दुसरा पाहुणा फणस मोजून गेला. पुन्हा माना वळल्या. संचिता मांडीवरच्या पदराचं टोक दुमडत होती, सोडत होती, परत दुमडत होती. गुरुदासने ते पाहिलं. मला कळलं, कारण त्याचा हात माझ्या तारांवर पडला आणि तिथेच राहिला. तिसरा पाहुणा आलाच नाही.

लोकांना वाटलं, हे नेहमीचं थांबणं आहे. ते हसले.

“ह्या गाणा माझ्या भयणीचा आसा,” गुरुदास म्हणाला. “मी तिका इचारूक व्हया हुता. इचारलंय नाय. माझा चुकला.”

मांडव आणखी हसला. कोणीतरी शिट्टी मारली. पुरुषांच्या रांगेतून कोणी म्हणालं, “नवीन घातलंस काय रे ह्या?” इतकी वर्षं तो जे बोलला त्यावर ते हसले होते, याच्यावरही हसले. त्यांचा त्यात दोष नव्हता. त्याच्या तोंडून खरं ऐकायची सवय आम्हीच त्यांना लावली नव्हती. गुरुदासने मला पिशवीत घातलं आणि तो मांडवातून बाहेर पडला.

म्हशीची धार काढायला राधाबाई आधीच घरी गेली होती; संचिता त्याच्या मागोमाग निघाली. दोघं पायवाटेने घरी चालली होती.

“किशोरीक वायट वाटला आसतला,” संचिता म्हणाली.

“मी उद्या जावन बोलतंय तिच्याकडे.”

थोडं चालून ती थांबली. “म्हशीचा बोलणा माझा हुता, गुरु. त्या दिवशी आयेसमोर रडाक येव नये म्हणान मी ता बोललंय. तू ता मैदानार नेलंस.”

गुरुदास रस्त्यातच उभा राहिला. हजारो माणसांसमोर ज्याला कधी शब्द कमी पडला नाही, तो बहिणीसमोर मान खाली घालून उभा होता. मी त्याच्या पाठीवर होते. त्याची पाठ हलत होती, ती मला जाणवत होती. संचिताने पिशवीचा निसटलेला पट्टा त्याच्या खांद्यावर सारखा केला आणि म्हणाली, “चल. आये वाट बघता.”

ते गाणं त्याने परत म्हटलं नाही. ज्यांनी बोलावलं त्यांना तो आधीच सांगू लागला की ते सोडून दुसरी म्हणेन. मग बोलावणी कमी झाली, आणि पुढच्या पावसाळ्यानंतर बंदच झाली. कोणी म्हणालं, त्याच्या डोक्यात हवा गेली. गेल्या वर्षी त्याने एक नवं गाणं केलं, बसमध्ये झोप लागून स्वतःच्याच गावाच्या पुढे जाणाऱ्या माणसाचं. तो माणूस तो स्वतःच. शाळेत म्हटलं तेव्हा मुलं थोडी हसली. शिक्षक घड्याळ बघत होते. ते मोबाईलवर कोणी टिपलं नाही. संचिताचं लग्न झालेलं नाही. तिच्या दुकानात आता दोन मशीन आहेत. गाणं अजून लोकांच्या मोबाईलमध्ये आहे, ते पुसायला कोणाला जमणार?

मी भिंतीवर असते. आमच्याकडच्या दमट हवेने तारांना गंज चढतो, पिशवीला बुरशी येते. मित्रांनो, तुमच्या घरी एखादं वाद्य असेल तर त्याला कोरड्या फडक्याने पुसा, उन्हात टाकू नका, तारा वेळेवर बदला. ही झाली माझ्या लाकडाची काळजी. दुसरी एक काळजी आहे. कोणावर गाणं करायचं झालं तर आधी त्याच्यापाशी जाऊन बसा आणि विचारा. तो नको म्हणाला तर ऐका. तो काहीच बोलला नाही, तर तेही ऐका.

मागच्या महिन्यात एका दुपारी घरात दुसरं कोणी नव्हतं. संचिताने स्टूलावर चढून मला खाली काढलं. तिने ओल्या फडक्याने नव्हे, अस्तराच्या मऊ तुकड्याने माझी धूळ पुसली. मग भात पाखडायचं सूप धरावं तसं मला मांडीवर आडवं घेतलं आणि सहाही तारांवरून एकदा, फक्त एकदा बोटं फिरवली. सूर बेसूर होता, पण ती ऐकत राहिली. या घरात आल्यापासून माझ्या शेवटच्या सुरावर नेहमी हसण्याचा लोट यायचा आणि तो बुडून जायचा. त्या दुपारी तो अगदी बारीक होईपर्यंत, पार विझेपर्यंत कोणीतरी ऐकला. इतक्या वर्षांत तो कुठे जाऊन संपतो, हे मलाही पहिल्यांदाच कळलं.