अडतीस नंबरचं दार

लग्न होऊन मी ॲन आर्बरला आले, तेव्हा ह्यांच्या अपार्टमेंटमध्ये एक गादी होती, एक कुकर होता आणि भिंतीला टेकवून ठेवलेलं मोटारीचं एक दार होतं. पांढरं, पोटात चेपलेलं, त्यावर निळ्या रंगात भलामोठा अडतीस. मला वाटलं, बिचाऱ्यांना अपघात झाला असावा आणि माझ्या माहेरी कळवलं नसावं. मी घाबरत विचारलं, "बाकीची गाडी कुठं आहे?"

"भंगारात गेली," हे म्हणाले. "आणि ती माझी नव्हती."

ज्याच्याकडे स्वतःची गाडी नाही पण दुसऱ्याच्या गाडीचं दार आहे, अशा माणसाशी संसार कसा करायचा, हे काही आईने शिकवून पाठवलं नव्हतं.

हळूहळू उलगडा झाला. ह्यांच्या लॅबमधल्या एका मित्राने ह्यांना उन्हाळ्यात तासाभरावरच्या एका खेड्यात रेस बघायला नेलं होतं. स्टॉक कारची रेस. रस्त्यावरच्या मोटारींसारख्याच दिसणाऱ्या मोटारी डांबराच्या अंडाकृती ट्रॅकवर फिरत राहतात आणि माणसं घसा फुटेस्तोवर ओरडतात. सांगलीहून इंजिनिअर होऊन आलेला, कुणाशी मान वर करून न बोलणारा हा मुलगा त्या दिवशी इतका ओरडला, की सोमवारी प्रोफेसरांशी खुणांनी बोलला. तेव्हापासून जे वेड लागलं ते लागलं. "इतकं पळून शेवटी जिथून निघाले तिथंच येतात ना?" असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं आणि आमच्या संसारातला पहिला अबोला झाला.

ह्यांचा हीरो हार्लन प्रूट. एक्याऐंशी सालच्या शेवटच्या रेसमध्ये तो सगळ्यांच्या पुढे होता. शेवटच्या फेरीत, तिसऱ्या वळणावर, मर्ल ओकलीची लाल गाडी आतल्या बाजूने घुसली. हार्लनची गाडी भिंतीवर जाऊन आपटली. मर्ल जिंकला. हार्लन म्हणाला, "त्याने मला ठोकलं." मर्ल म्हणाला, "मी शिवलोसुद्धा नाही. त्याचा टायर गेला." गावातल्या ट्रॅकवर कॅमेरा कुठला असायला! निम्मं गाव हार्लनचं झालं, निम्मं मर्लचं, आणि मर्लच्या हातात कप असल्यामुळे हळूहळू बहुतेक सगळं गाव मर्लचं झालं. हार्लन पुढे कधी जिंकला नाही. तो वारला त्याला आता बरीच वर्षं झाली.

पण आमचे हे! "मी पाहिलंय," हे म्हणायचे. "लाल गाडी त्याच्या दाराला धडकली. मी पाहिलंय." मोठं स्टँड ट्रॅकच्या पलीकडच्या बाजूला होतं. सगळं गाव तिथे बसायचं. विद्यार्थ्यांना परवडणाऱ्या उघड्या फळ्या तिसऱ्या वळणाच्या मागे होत्या आणि तिथे त्या वेळी हे एकटेच उरले होते. मित्र हॉट डॉग आणायला गेला होता. रेस संपल्यावर एका मेकॅनिकने हसत हसत तुटक्या गाडीचं दार ह्यांना देऊन टाकलं. देऊन टाकलं म्हणजे, हे दाराशेजारून हलतच नव्हते.

त्या ट्रॅकच्या जागी आता सोयाबीनचं शेत आहे. पण जुने चाहते दर ऑक्टोबरमध्ये गावच्या फायर स्टेशनच्या हॉलमध्ये जमतात, आठवणी काढतात आणि एकमेकांच्या आठवणी खोट्या पाडतात. हे दर वर्षी जायचे आणि दर वर्षी सांगायचे, "मी पाहिलंय." आणि दर वर्षी ते सगळे ह्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "हो हो, जॅग." जगन्नाथाचा त्यांनी जॅग केलाय. थाप मारणं म्हणजे विश्वास ठेवणं नव्हे, हे ह्यांनाही कळायचं. घरी आल्यावर जेवण कमी जायचं. आणि खरं सांगू? माझाही विश्वास नव्हता. ज्या माणसाला फ्रिजमधलं समोर ठेवलेलं लोणचं दिसत नाही, त्याला ताशी शंभर मैलांच्या वेगातली टक्कर काय दिसणार!

ह्या वर्षी मात्र वेगळं होतं. जिल्ह्याच्या म्युझियमने क्लबकडे एक वस्तू मागितली होती. जी वस्तू मतांनी निवडली जाईल ती काचेत राहणार आणि ज्याची वस्तू त्याची आठवण शेजारी लावणार. ह्यांनी आठवण आधीच तयार ठेवली होती. आठ शब्दांची. "एक्याऐंशी साली तिसऱ्या वळणावर मी ती टक्कर पाहिली." इंग्रजीत एखादा जास्त भरतो.

"बाबा, इट्स अ डोअर," आमची नैना फोनवर म्हणाली. "मोनालिसा नाहीये." पण इतकी वर्षं गराजच्या बाहेर न पडलेलं दार पहिल्यांदा मिनीव्हॅनमध्ये चढलं, दोन गोधड्यांत गुंडाळून. नैनाला जन्मल्यावर हॉस्पिटलमधून आणताना एकच गोधडी होती.

हॉलमध्ये गेल्यावर मला बरं वाटलं, कारण वेडात हे एकटे नाहीत असं दिसलं. एकाने चाकाचे नट कोळ्याच्या जाळ्यासारख्या फ्रेममध्ये लावले होते. एका बाईने ट्रॅकचं डांबर बरणीत आणलं होतं, आपल्याकडे काशीहून गंगा आणतात तसं. कुणाची फाटकी तिकिटं, कुणाची घामाने कडक झालेली टोपी. हार्लनच्या भाचीने त्याचं हेल्मेट आणलं होतं. आणि कोपऱ्यात, पायांना टेनिसचे चेंडू लावलेला वॉकर पुढे घेऊन, स्वतः मर्ल ओकली बसला होता. नव्वदीकडे झुकलेला, लाल जाकीट घातलेला. त्याच्या आसपासच्या खुर्च्या मात्र भरलेल्या होत्या. कप जिंकलेल्या माणसाला म्हातारपणीही गर्दी असते.

ह्यांनी गोधड्या सोडल्या. क्लबचा अध्यक्ष डग हा निवृत्त रंगारी. गाड्यांना रंग देण्यात आयुष्य गेलेला. तो टॉर्च घेऊन दारावर वाकला आणि वाकलेलाच राहिला.

"लाल," तो म्हणाला. "हे बघा. खोल ओरखड्यांमध्ये लाल रंग."

माणसं गोळा झाली. पत्र्यावरच्या रंगावरून कोण कुणाला घासलं हे ह्या लोकांना कळतं, जसं आपल्याकडे फोडणीच्या वासावरून शेजारणीला कळतं. हार्लनची गाडी पांढरी आणि निळी. त्या रेसमध्ये लाल गाडी एकच. डगने टॉर्च बंद केला आणि ह्यांच्याकडे पाहिलं. "जॅग," तो म्हणाला, "तू इतकी वर्षं सांगत होतास आणि आम्ही हसत होतो." कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या. मग एकेक मान कोपऱ्याकडे वळली आणि मर्लच्या आसपासच्या खुर्च्या हळूहळू रिकाम्या झाल्या.

ह्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं, ते मी पाहिलं. आणि दुसऱ्याच क्षणी उतरलं, तेही पाहिलं.

"शरयू," हे हळूच म्हणाले, "ते कुंकू आहे."

"मला माहितीये," मी म्हणाले. "मीच लावते."

खंडेनवमीला आमच्याकडे सगळी हत्यारं पुजली जातात. ड्रिल, स्क्रूड्रायव्हर, माझा मिक्सर, बर्फ उडवायचं यंत्र, दोन्ही गाड्या. आणि ह्यांच्या हट्टामुळे हे दार. नंबरावर लावू नकोस, चेपलेल्या भागात लाव, असा ह्यांचाच हुकूम. म्हणून इतकी वर्षं मी त्या ओरखड्यांवर ओल्या कुंकवाची बोटं ओढत आले. नंतर फडक्याने पुसायचं, पण कुंकू ते कुंकूच; खाली मर्लचा रंग असलाच, तरी तो त्यात कधीच मिसळून गेलेला. आठ दिवसांपूर्वीचा थर तर अगदी ताजा होता.

"गप्प बसा," मी मराठीत म्हणाले. तोंडावर हसू ठेवून, कारण सगळे बघत होते. "तुम्ही कुठं काय बोललात? ते म्हणतायत रंग, तर रंग. आणि टक्कर झाली होती ना? मग निकाल तोच."

"निकाल तोच गं. पण पुरावा खोटा."

"अहो, चाळीस वर्षांनी लोक टाळ्या वाजवतायत! कशाला हात दाखवून अवलक्षण?"

हे मर्लकडे बघत होते. तो वॉकरची मूठ घट्ट धरून खाली मान घालून बसला होता. ह्यांनी माझ्या पर्समधली पाण्याची बाटली काढली, रुमाल ओला केला आणि सगळ्यांच्या देखत दारावर घासला. रुमाल लाल झाला. तो ह्यांनी डगच्या हातात दिला.

"हा रंग नाही," हे इंग्रजीत म्हणाले. "ही आमच्या पूजेची पूड आहे. माझी बायको दर वर्षी लावते. मी टक्कर पाहिली, हे मी अजूनही म्हणतो. पण हे दार तसं म्हणत नाही."

डग कधी रुमालाकडे, कधी दाराकडे बघत राहिला. मग डांबराच्या बरणीवाली बाई म्हणाली, "म्हणजे तुम्ही हार्लनच्या दाराची पूजा करता?"

"दाराची नाही," ह्यांनी सुरुवात केली, "यंत्रात जी शक्ती असते—"

"हो, दाराचीच," मी म्हणाले, कारण ते प्रवचन मला पाठ आहे. सगळे हसले. चांगलं हसले, वाईट नाही. पण मतं पडली ती हेल्मेटला. डगने पुन्हा ह्यांच्या पाठीवर थाप मारली. तीच जुनी थाप.

मी मनातून धुमसत होते. आम्ही दार गुंडाळत होतो, तेवढ्यात मर्ल वॉकर सरकवत जवळ आला. मला वाटलं, आभार मानेल. तो दाराकडे बराच वेळ बघत राहिला.

"तू फळ्यांवर बसला होतास?" त्याने विचारलं. "तिसऱ्या वळणाच्या मागे?"

"हो. सगळ्यात वर."

"तिथून गाड्या समोरून अंगावर येताना दिसायच्या."

"हो."

"दोन गाड्यांमध्ये फट आहे की नाही, ते दिसायचं. स्टँडमधून कधीच दिसायचं नाही."

ह्यांनी हातातली गोधडी खाली ठेवली.

"चांगली जागा होती," मर्ल म्हणाला. त्याने ह्यांचा हात हातात घेतला आणि लवकर सोडला नाही. मग वळून, चेंडू घासत, निघून गेला.

मी ह्यांचा दंड धरला. "अहो, ऐकलंत ना? कबूल झाला तो! हाक मारा डगला. सांगा सगळ्यांना!"

"तो आपल्याला म्हणाला," हे म्हणाले. "डगला नाही. तू त्या बाजूने उचल."

इतका राग आला मला त्या माणसाचा, आणि इतका अभिमान वाटला, की मी दार उलट्या बाजूने उचललं आणि ह्यांच्याच पायावर आपटलं.

परतताना हे गाडी चालवत होते. दार मागे आडवं पडून प्रत्येक खड्ड्याला वाजत होतं. हायवे लागल्यावर मी म्हणाले, "तुम्ही पाहिली होतीत ती टक्कर."

"आता काय," हे म्हणाले. "मर्लनेच सांगितल्यावर कुणालाही पटेल."

"मला त्याच्या आधीच पटलं. तुम्ही रुमाल ओला केलात ना, तेव्हा."

ह्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला, आणि आमचा एक्झिट चुकवला.