आठ हजारांपुढे मी

मित्रांनो, मी एक जुना बल्ब आहे. मोटारीच्या पुढच्या उजव्या दिव्यात मी आठ हिवाळे काढले.

कारखान्यात माझ्या काचेत तार बसवली आणि बुडाशी एक आकडा छापला, तीन हजार. हा आकडा ताकदीचा नाही, रंगाचा आहे. आकडा लहान तितका उजेड पिवळा, मोठा तितका निळा. एवढी साधी गोष्ट, पण तिनेच एका भल्या माणसाचा घात केला.

तो माणूस म्हणजे आमचे काका. पहाटेच्या पाळीच्या नर्सबाईंना घरोघरून घ्यायचे आणि तळ्याकाठच्या रस्त्याने दवाखान्यात सोडायचे, हे त्यांचे बावीस वर्षांचे काम. थंडीत तिथे असे धुके पडे की समोरचे काही दिसू नये. काका गाडी हळू घेत. मी आणि डावीकडचा माझा जुळा भाऊ रस्त्याची कडा दाखवत असू. मागे बायका बिनघोर डुलक्या काढत. "काकांची गाडी म्हणजे हक्काची झोप," असे एक नर्सबाई म्हणत, आणि त्या एका वाक्यावर काकांचा दिवस मजेत जाई. हातपाय चालतात तोवर गाडी चालवायची, एवढीच त्यांची हौस होती.

एका सकाळी भाऊ गेला. काका गॅरेजमध्ये आले, सोबत जावईबापू. जावईबापू म्हणजे बोलायला पुढे आणि ऐकायला कधीच नाहीत. मिस्त्रींनी माझ्यासारखाच बल्ब काढला, तर यांनी आकडा वाचून नाक मुरडले.

"तीन हजार? बाबा, हल्ली आठ हजारांचे मिळतात. दुपटीहून जास्त उजेड. दोन्ही बदलून टाका, माझ्याकडून."

"साहेब, तो आकडा रंगाचा असतो, जोराचा नाही," मिस्त्री म्हणाले. "धुक्यात निळा उजेड उलटा डोळ्यांवर येतो. काकांना पिवळाच बरा."

मिस्त्रींना जुना माल खपवायचा आहे, असे जावईबापूंनी त्यांच्या तोंडावर सांगितले. खरे काय ते काकांना पक्के ठाऊक होते. पण जावयाचा शब्द मोडला तर घरी लेकीला टोमणे ऐकावे लागतील, म्हणून त्यांनी मुकाट्याने मान डोलावली. मी धडधाकट असून मला काढले, फडक्यात गुंडाळले आणि गाडीतल्या कप्प्यात टाकले. मला राग आला होता, आणि तो काकांचाच आला होता.

चौथ्या दिवशी दाट धुके पडले. फडके थोडे सैल झाले होते, कप्प्याच्या फटीतून मला सगळे पांढरेफटक दिसत होते. काका पुटपुटत होते, "कडा कुठे गेली, कडा कुठे गेली." गाडी रस्ता सोडून दगडी कठड्यावर आदळली. बायकांचे खरचटण्यावर निभावले. काकांच्या गुडघ्याचा मात्र चुरा झाला.

दोन महिन्यांनी गाडी मोडीत काढायची म्हणून सगळे गॅरेजमध्ये जमले. काका कुबडी टेकून उभे होते. मिस्त्री काही बोलणार, तोच जावईबापू म्हणाले, "आठ हजारांचे दिवे असून दिसलं नाही, म्हणजे बाबांचे डोळेच गेलेत. गाडी चालवणं आता बंद."

मिस्त्री काकांकडे पाहत राहिले. काकांनी खरे सांगितले असते, तर गुडघा बरा झाल्यावर ते दुसरी गाडी चालवू शकले असते.

"हो," काका म्हणाले. "डोळेच कमी झालेत माझे."

लेक कप्पा रिकामा करत होती. फडके उलगडून तिने मला बाहेर काढले. "बाबा, हा चांगला दिसतोय. चालू आहे का?"

काकांनी मला ओळखले. चालू म्हटले असते, तर मग काढला का, असे तिने विचारले असते.

"नाही गं," ते म्हणाले. "गेलेला आहे. टाकून दे."

आता मी गॅरेजच्या कचऱ्याच्या डब्यात आहे. मित्रांनो, तुम्ही दिवा घ्यायला गेलात तर आकडा कशाचा आहे ते आधी विचारा, आणि जाणत्याने सांगितले तर ऐका. आणि ते तुम्हालाच ठाऊक असेल, तर घरच्या माणसाची भीड धरून गप्प बसू नका. मी तर काच आणि तार, मला बोलता येत नव्हते. काकांना येत होते.