शिळं पाणी

आजोबांनी माशांच्या टाकीतलं पाणी आणि तपासणीचं औषध घातलेली काचेची नळी दहा वेळा हलवली, खिडकीपाशी नेली आणि रंगांच्या तक्त्याला लावून धरली. आजही हिरवाच. म्हणजे टाकीतलं पाणी अजून माशांच्या जिवावर उठलेलं होतं आणि नात पुढच्या रविवारी येणार होती.

मागच्या खेपेला तिचे दोन मासे तिसऱ्या दिवशी गेले. पोर रडली नाही. तिने नुसतं विचारलं, "आजोबा, तुमच्या पाण्यानं मेले का?" पाणीपुरवठ्यात चौतीस वर्षं क्लोरीन मिसळण्याचं काम केलेल्या माणसाला हे फार लागलं. तीन दिवस ते धड जेवले नाहीत.

मासेवाल्या दुकानदाराने समजावलं होतं. आधी टाकीत जिवाणू वसायला हवेत, माशांची घाण तेच पचवतात. रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाकायचं, कुजू द्यायचं आणि महिनाभर वाट बघायची.

"आणि साहेब, बदलायचं पाणी दिवसभर उघडं ठेवून मग घाला. नळाच्या पाण्यानं जिवाणू मरतात."

"मरणारच! त्याचाच तर पगार घेत होतो मी."

"मग ठेवाल ना?"

"शिळं पाणी माझ्या घरात चालत नाही."

जिवाणू पाळायचे आणि तेही ताज्या पाण्यात, असा आजोबांचा हट्ट. सकाळी ते बादली भरून टाकीशेजारी ठेवत, फिरून येत आणि टाकीतलं थोडं पाणी काढून बादलीतलं ओतत. आजोबांशी पाण्यावरून बोलायचं नाही, हे आजीने फार पूर्वी ठरवून टाकलं होतं. दोन महिने झाले, जिवाणूंनी मात्र या घराकडे पाठ फिरवली होती.

आणि मंगळवारी हिरवा फिकटला. शुक्रवारी पार उतरला. आजोबांनी नळी देव्हाऱ्यात ठेवायचीच बाकी होती. त्यांनी लगेच दुकानदाराला फोन लावला.

"वसले! ताज्या पाण्यावर वसले. आमचं पाणीच तसं आहे."

"साहेब, असं होत नाही."

"होत नाही म्हणजे?"

फोन आपटून आजोबांनी कपाटातून नोकरीतली जुनी डबी काढली. तिच्यातल्या औषधाचे दोन थेंब टाकले की क्लोरीनचं पाणी पिवळं होतं. उद्या दुकानदाराच्या नाकासमोर पिवळी नळी धरायचीच, असं ठरवून त्यांनी बादलीतलं पाणी घेतलं आणि थेंब टाकले.

पाणी होतं तसंच राहिलं.

ते स्वयंपाकघरात गेले. नळाचं पाणी पिवळं झालं. मग ओट्यावरच्या पिण्याच्या पातेल्यातलं घेतलं. त्यावर विरळ फडकं बांधलेलं होतं. ते पाणी पिवळं झालं नाही. आजी भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"बादली तू बदलतेस?"

"तुम्ही फिरायला गेलात की आदल्या दिवशी भरलेली ठेवते. महिना झाला. पोरीला पुन्हा मेलेले मासे दाखवायचे का?"

"आणि हे पातेलं?"

"तेही आदल्या दिवशी भरून ठेवते. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून. मला वास येतो हो त्या पाण्याचा."

"म्हणजे इतकी वर्षं मी..."

"शिळंच प्यालात."

आजोबा स्टुलावर बसले. चिडावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, पण नेमकं कशावर, ते सापडेना.

"सांगितलं का नाहीस कधी?"

"कामावरून आलात की पहिला पेला प्यायचात आणि विचारायचात, कसं आहे आमचं पाणी? इतके खूश असायचात. काय सांगणार?"

आजोबांनी पातेल्यातून पेलाभर पाणी घेतलं आणि सावकाश प्यायले. मग मुकाट्याने बादली भरून टाकीशेजारी ठेवली आणि वर ताट झाकायला गेले.

"झाकू नका," आजी म्हणाली. "वास जात नाही मग."

रविवारी नातीने दोन नवे मासे टाकीत सोडले. बुधवारी सकाळी ते दोन्ही खाद्यावर तुटून पडले, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

"आजोबा, या वेळी कुठलं पाणी घातलंत?"

आजोबांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं.

"आजीचं," ते म्हणाले.