भिवाची मिठाची तक्रार

लालबागच्या एका चाळीत तळमजल्यावर कमळाबाईची खाणावळ होती. गिरणीत काम करणारे कोकणातले एकटे पुरुष पाळी सुटली की तिथे येऊन पाटावर बसायचे. कमळाबाई विधवा, हाताने उदार, तोंडाने तिखट. तिच्या आमटीला नावं ठेवायची छाती एकाच माणसाची होती, आणि तो म्हणजे भिवा.

पहिला घास घेतला की भिवा म्हणायचा, "कमळाबाय, मीठ कमी पडला."

मीठ कधीच कमी नसायचं. हे त्यालाही ठाऊक होतं आणि तिलाही. ती डाव उगारून म्हणायची, "जिभेक काय हाड आसा तुझ्या?" आणि हसू दिसू नये म्हणून चुलीकडे वळायची. भिवाची बायको न् मुलगी गावी, हिची चूल इथे. त्यापलीकडे काही नव्हतं, आणि काही असावं असं कमळाबाईने स्वतःशीसुद्धा कधी कबूल केलं नव्हतं.

छप्पन सालच्या ऐन पावसाळ्यात भिवाची बायको गेल्याची तार आली. समुद्र खवळलेला, कोकणच्या बोटी बंद. शेवटचं तोंड बघणंही नशिबात नव्हतं. तेव्हापासून हा माणूस जागच्या जागी विझला. गिरणीतलं काम सुटलं, झोप उडाली. धरून आणला तर पाटावर बसायचा, भात चिवडायचा आणि उठून जायचा. आमटीबद्दल अवाक्षर नाही. कुणी अंगारा आणला, कुणी ताईत बांधला. बोटी सुरू झाल्या तरी गावाचं नाव काढलं की तो भिंतीकडे तोंड करायचा. अखेर त्याच्याच गावचा, त्याच्याच खोलीत राहणारा गुणाजी त्याला परळच्या दवाखान्यात घेऊन गेला. सोबत कमळाबाई गेली. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

तिथली डॉक्टर सरोजिनी वयाने लहान, पण बोलायला मोकळी. ती म्हणाली, "ह्याला बाहेरचं काही झालेलं नाही. मन उतरण्याचा हा आजार असतो. मी ब्राह्मीचा अर्क काढून गोळ्या केल्या आहेत, थोड्या लोकांना देऊन बघते आहे. गुण येईलच अशी हमी देत नाही. येतो का, तेच बघायचंय. पण हे रोगी स्वतः काही सांगत नाहीत. ह्यांना जेवायला कोण घालतं?"

झालं. दर सोमवारी दुपारची भांडी आवरून परळला जायचं आणि भिवा किती जेवला, झोपला का, बोलला का, हे सांगायचं काम कमळाबाईच्या गळ्यात पडलं. तिने ते आनंदाने पडू दिलं.

डॉक्टरच्या खिडकीत ब्राह्मीची कुंडी होती. "अगे बाय! ही तर आमच्या गावच्या पाण्याच्या पाटाकडची," कमळाबाई म्हणाली. तिने पान खुडून चुरगळलं आणि नाकाला लावलं. लग्न होऊन मुंबईला आल्यावर ती फार थोड्या वेळा गावी गेली होती, आणि नवरा गेल्यावर तर कुणी बोलावलंच नव्हतं. तिचे डोळे भरून आले. मग गोळी हुंगून पाहिली, तर तिला खडूचा वास. ह्यातून माणूस उठणार कसा, अशी शंका तिला आली, पण गोळी मात्र ती रोज स्वतःच्या हाताने देत राहिली.

एका संध्याकाळी सगळी चाळ संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला गेली होती. रस्त्यावर घोषणा दुमदुमत होत्या. खाणावळीत एकटा भिवा. कमळाबाईने वाढलं. त्याने घास घेतला, थांबला, आणि ताटाकडे बघतच म्हणाला, "मीठ कमी पडला."

डाव उगारायला तिचा हातच वर होईना. ती दाराआड गेली आणि तोंडात पदर कोंबून रडली.

ही बातमी कळताच गुणाजी खूश. "डागतरीण बरो म्हणाली की लगेच बोटीत बसवतंय. म्हातारी आई नि पोरगी वाट बघतत. आता परत गिरणीत धाडूचो नाय."

अख्खं लालबाग मुंबई महाराष्ट्रात ठेवायला निघालं होतं. कमळाबाईला एकच माणूस मुंबईत ठेवायचा होता. तिच्यासाठी कोण मोर्चा काढणार?

सोमवारी ती डॉक्टरला म्हणाली, "काय्येक फरक नाय, बाय." पुढच्या सोमवारीही तेच. इकडे भिवा दोन वेळा भात मागून घेत होता आणि ही तिकडे मान हलवत होती.

तिसऱ्या खेपेला डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "मग गोळ्या बंद करू. ठाण्याच्या वेड्यांच्या इस्पितळासाठी चिठ्ठी देते. आणि मीही हा ब्राह्मीचा नाद सोडावा म्हणते. तुमच्या भिवावर फार आशा होती मला."

कमळाबाई उठली, पायऱ्यांपर्यंत गेली, आणि परत आली. "खोटा बोललंय मी. तो जेवता. झोपता. माझ्या आमटीक नावा ठेवता."

"मग खोटं का बोललात?"

"तो बरो झालो तर गावाक जातलो."

डॉक्टर रागावली नाही. तिने पेन परत उचललं. "गोळीने बरा झाला की नुसता काळ लोटला म्हणून, हे एका माणसावरून मलाही सांगता येणार नाही," ती म्हणाली. मग हळूच, "तुम्ही त्याला मनातलं कधी बोललात?"

"काय बोलूचा? लहान पोरगी थय वाट बघता."

जायच्या दिवशी भिवा ट्रंक घेऊनच जेवायला आला. बोट गाठायची म्हणून त्याला सगळ्यांच्या आधी वाढलं. कमळाबाई डाव हातात धरून समोर उभी राहिली. त्याने घास घेतला. तो थांबला. तिच्या तोंडाकडे, रडून सुजलेल्या डोळ्यांकडे त्याने पाहिलं. मग मान खाली घालून तो जेवला, दोनदा आमटी मागून घेतली, तीही संपवली.

"कमळाबाय," हात धुऊन तो म्हणाला, "आज मीठ बराबर पडला."

तिला भयंकर राग आला. जाताना तरी नेहमीचं बोलायचं होतं मेल्याने! एवढ्या एका वाक्यासाठी ती पहाटेपासून थांबली होती. ती "सांभाळून जा" एवढंच म्हणाली. तो उंबऱ्याशी जरा घुटमळला, आणि गेला.

भाऊच्या धक्क्यावर त्याला पोचवून गुणाजी परत आला आणि पाटावर बसला. पहिला घास घेऊन त्याने तोंड वाकडं केलं. "कमळाबाय, आमटीत मीठच नाय गो!"

तिने पातेल्यात बोट बुडवून चाखलं. खरंच नव्हतं. पहाटे डोळे पुसत फोडणी देताना घालायचंच राहिलं होतं.

"भिवान दोनदा मागून घेतल्यान," कमळाबाई म्हणाली.