बिनसाखरेचा चहा अन् लेझीम

सून गरोदर असल्याची बातमी लिलाबाईंनी जऊळका स्टेशनच्या सगळ्या क्वार्टरांत आधी सांगितली आणि सुनेला नंतर विचारलं.

भागिरथाची पाळी दोन-अडीच महिने आली नव्हती. अंग भरलं होतं, दुपारी डोळ्यांवर झापड यायची. लिलाबाईंना एवढ्या खुणा पुष्कळ झाल्या. त्यांनी शिरा केला, डिंकाचे लाडू वळले, चहात साखर वाढवली. भागिरथालाही खरंच वाटलं. पण वाशीमच्या दवाखान्यात तपासलं तेव्हा पोटात काहीच नव्हतं. घरी परतल्यावर आठवड्याभरात पाळी आली, ती थांबता थांबेना; आणि एकदा थांबली ती पुन्हा तीन महिने आलीच नाही.

मुलगा देवमन लहान असतानाच लिलाबाईंचा नवरा गेला होता. शेतमजुरी करून, कधी आंबिलीवर तर कधी नुसत्या पाण्यावर दिवस काढून त्यांनी पोराला शिकवलं. पोरगा रेल्वेत रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन झाला, क्वार्टर मिळालं, तेव्हा त्यांनी मनाशी ठरवलं की आपल्या घरात येणारी सून कधी अर्ध्या पोटी उठणार नाही. किन्हीराजाची भागिरथा लग्न होऊन आली ती शेतात वाढलेली, काटक पोरगी. लिलाबाई म्हणाल्या, "माय वं, हे तं हवेनं उडंन!" आणि दुसऱ्या दिवसापासून खाऊ घालायला लागल्या. क्वार्टरात शेत नव्हतं, सरपण आणायला जायचं नव्हतं, नळ दारापुढं. सकाळी गोड चहा आणि त्यात बुडवायला बेकरीचे बटर, दुपारी पोळी आणि भात, चार वाजता पुन्हा गोड चहा. दोन वर्षांत भागिरथाच्या लग्नातल्या चोळ्या दंडात शिरेनाशा झाल्या. मग हनुवटीवर राठ केस उगवले. ती ते चिमटीनं उपटायची, पदर हनुवटीपर्यंत ओढायची. शेजारच्या विमलबाई एकदा नळावर हसत बोलल्या, "काहून वं, नवऱ्याच्या वस्तऱ्यानं दाढी करतं का?" त्या दिवसापासून भागिरथा नळावर भर उन्हात, कोणी नसताना जायला लागली.

देवमन कमी बोलणारा माणूस. पण घरातलं हसू बंद झालेलं त्याला कळलं. त्यानं पास काढला आणि म्हणाला, "अकोल्याले बायांची डॉक्टरीन हाये. चाल."

"मी बी येतो," लिलाबाई म्हणाल्या आणि शिदोरी बांधायला बसल्या.

अकोल्याच्या डॉक्टरीणबाई उंच, किडकिडीत आणि कडक आवाजाच्या होत्या. त्यांनी भागिरथाला नीट तपासलं, पाळीचं विचारलं, हनुवटी उजेडाकडे वळवून पाहिली. भागिरथानं लाजून मान खाली घातली.

"मान वर कर. यात तुझा काही गुन्हा नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बाईच्या पोटात दोन बीजकोश असतात. दर महिन्याला एक बीज पिकतं आणि सुटतं. तुझी बीजं अर्धवट पिकून तिथंच अडकत असावीत, बारीक फोडांसारखी. म्हणून पाळी चुकते, आणि हे केसही त्याच दुखण्याचे. पुष्कळ बायकांना असतं. कोणी सांगत नाही म्हणून प्रत्येकीला वाटतं आपल्यालाच आहे."

"मंग औषध द्या ना बाई, चांगलं महागाचं," लिलाबाई पुढं सरकल्या.

"लागलं तर देईन. आधी हिचं वजन उतरलं पाहिजे. साखर, गूळ, बटर, लाडू बंद. ज्वारीची भाकर, दाट वरण, उसळी, पालेभाज्या, ताक, मिळालं तर अंडं. उपाशी मात्र राहायचं नाही. आणि रोज घाम येईपर्यंत अंग हलवायचं. हे दुखणं मुळापासून जाईल असं मी सांगत नाही, पण धाकात ठेवता येतं. उन्हाळ्यात येऊन दाखवा."

परतीच्या गाडीत लिलाबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. बार्शीटाकळी गेल्यावर त्या पुटपुटल्या, "भाकरच खायची होती तं पोरानं नोकरी कायले केली?"

भागिरथानं दुसऱ्याच दिवशी साखर सोडली. पहिले काही दिवस डोकं दुखलं, चिडचिड झाली. बिनसाखरेचा चहा तिला कडुनिंबाच्या काढ्यासारखा लागला. पण काही केल्या अंगात हलकेपणा येईना. एक दिवस वरण जिभेवर ठेवताच तिनं वाटी खाली ठेवली.

"आत्याबाई, वरनात गूळ टाकला?"

"उलीसाक." लिलाबाईंनी चिमूट करून दाखवली.

"अन् काल भाजीत?"

लिलाबाई चुलीतलं लाकूड उगाच मागं-पुढं करत राहिल्या. मग एकदम त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या, "लोक म्हनतीन, लिलीनं सुनेले वाळवलं. मले काय येते दुसरं? मले खाऊ घालता येते. तेवढं बी करू नोको म्हनतं तं मी या घरात करू काय?"

भागिरथा सासूजवळ चुलीपुढं बसली. या बाईवर रागवावं कसं, ते तिला कळेना. ती म्हणाली, "मंग खाऊ घाला ना, आत्याबाई. म्या कुठं नाई म्हनलं? तुमच्या हातची आंबाडीची भाजी मी दोन वर्सांत एकदा बी खाल्ली नाई. तुमी मले पाव्हनीवानी शिराच चारून राह्यल्या."

लिलाबाईंनी डोळे पुसले. "आंबाडी? थे तं आमी गरिबीत खात होतो."

"मले आवडते."

दुसऱ्या दिवशी लिलाबाई पिशवी घेऊन बाजारात गेल्या आणि विसरलेलं सगळं घेऊन आल्या. आंबाडी, चवळी, मेथी, हरभऱ्याचा कोवळा पाला, जवस. मटकीला मोड आले. जवसाची चटणी पाट्यावर वाटली गेली. भाकरी तव्यावर टम्म फुगल्या. देवमननं पहिला घास खाल्ला, आईकडे पाहिलं आणि लहानपणी मागायचा तशी आणखी भाकर मागितली. लिलाबाईंचा सगळा रुसवा त्या चुलीतच जळून गेला.

खाण्याचं असं जमलं. अंग हलवण्याचं जमेना. भागिरथा सकाळी रुळांच्या कडेनं पायवाटेनं चालायला निघाली की वाटेत प्रत्येक जण विचारायचा, "कुठं चालली?"

"कुठंच नाई. चालून राह्यली."

"काई हरपलं का?"

गावात बाई कामाशिवाय चालत नसते. चार लोक हसले, विमलबाईंनी नळावर गोष्ट रंगवली, आणि भागिरथाचं चालणं पुन्हा अंगणापुरतं उरलं.

माघ सरता सरता वस्तीत जयंतीची बोलणी सुरू झाली. बाबासाहेबांच्या जयंतीला जऊळक्यात दरवर्षी पोरांची लेझीम निघायची. यंदा मेळच बसेना. खेळणारी निम्मी पोरं कामासाठी बाहेरगावी गेलेली, उरलेली परीक्षेत अडकलेली. वस्तीतले जाणते दौलतराव देवमनच्या ओसरीवर बसून हळहळले, "लेझिमा खुंटीले टांगून हायेत. जंग चढून राह्यला. यंदा बिनलेझिमीची मिरवनूक काढा लागते."

भागिरथा चहा घेऊन आली होती. बशी ठेवता ठेवता ती बोलून गेली, "आमच्या किन्हीराजाच्या शाळेत मी लेझीम खेळत होती. पुढच्या रांगेत."

देवमन मान वर करून बायकोकडे बघायला लागला. एवढ्या दिवसांत तिच्या आवाजात हा जोर त्यानं ऐकला नव्हता.

"बाया खेळतीन म्हनतं?" दौलतरावांनी विचारलं.

"खेळल्या तं काय झालं? जयंती काय मानसांचीच हाये?"

दौलतराव मोठ्यानं हसले. "पोरगी खरं बोलली. घेऊन जा मंग लेझिमा. घासून घ्या पयले."

स्टेशनच्या मागच्या पडीक मैदानात संध्याकाळी भागिरथा एकटीच उभी राहिली. हात आठवत होते, पाय विसरले होते. थोड्याच वेळात धाप लागली. कुंपणाशी लिलाबाई पाण्याचा तांब्या घेऊन बसल्या होत्या. सुनेला भोवळ आली तर, म्हणून. दुसऱ्या दिवशी क्वार्टरातल्या दोन बायका बघायला आल्या, चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांच्या हातात लेझीम होती. वस्तीतल्या पोरी आल्या. आणि एका संध्याकाळी विमलबाई आल्या. त्या भागिरथाजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "माही बी पाळी चुकते वं. लग्नाच्या आंदीपासून. कोनाले सांगू, म्हनून मी दुसऱ्यालेच हासत होती."

भागिरथानं विमलबाईंच्या हातात लेझीम दिली. "गुडघा वाकव," ती म्हणाली. "अन् उद्यापासून चहात साखर टाकू नोको."

बायका जमल्या तरी ताल जुळेना. डावीकडची रांग वाकली की उजवीकडची उभी. लिलाबाई कुंपणाशी बसून ओरडायच्या, पण लेझिमीच्या आवाजात त्यांचं कोण ऐकणार? शेवटी त्या घरात गेल्या आणि देवमनच्या खुंटीवरच्या कोटातली शिट्टी घेऊन आल्या. गाल फुगवून त्यांनी अशी शिट्टी मारली की सगळ्या रांगा एकदम थांबल्या.

नेमकी त्याच वेळी फलाटावर पूर्णेकडे जाणारी गाडी उभी होती. खाली उतरून बिड्या ओढणारे, नळावर पाणी भरणारे, भजी घेणारे सगळे गाडी सुटली समजून धावले. एक म्हातारबा दुसऱ्याच डब्यात चढले आणि त्यांच्या बायकोनं आपल्या डब्यातून हाकांचा गजर केला. स्टेशन मास्तर तावातावानं मैदानात आले. समोर पदर खोचलेल्या, घामेजलेल्या बायका आणि मध्यभागी तोंडात शिट्टी धरलेल्या लिलाबाई.

"लिलाबाई, ही शिट्टी सरकारी आहे!"

"मंग पोरगा बी सरकारीच हाये, मास्तर," लिलाबाई म्हणाल्या. "त्याले बी म्याच वाजवून वाजवून मोठा केला."

मास्तरांना हसू आवरेना. त्यांनी एवढंच बजावलं, की गाडी स्टेशनात असताना शिट्टी बंद. दौलतरावांनी बाजारातून वेगळ्या आवाजाची शिट्टी आणून दिली, आणि लिलाबाई रोज ती गळ्यात अडकवून स्वयंपाक करायला लागल्या.

उन्हं तापायला लागली तसा सराव पहाटे सुरू झाला. भागिरथाला आता धाप लागत नव्हती. जुन्या चोळ्या दंडात शिरायला लागल्या. रात्री झोप गाढ लागायची, सकाळी डोकं हलकं असायचं. हनुवटीवरचे केस होते तिथंच होते, पण एक दिवस नळावर भर गर्दीत पाणी भरताना तिच्या लक्षात आलं की पदर खांद्यावर आहे आणि आपण तो वर ओढलेला नाही.

जयंतीच्या सकाळी सगळ्या बायका पांढरी लुगडी आणि निळ्या चोळ्या घालून मैदानात जमल्या. भागिरथाच तेवढी आली नव्हती. लिलाबाई तरातरा घरात गेल्या. भागिरथा न्हाणीच्या दारात उभी होती, डोळ्यांत पाणी, ओठांवर हसू.

"आत्याबाई, पाळी आली."

"आपोआप?"

"आपोआप. गोळी नाई, काई नाई."

लिलाबाईंनी तिच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मग त्यांनी आनंदाच्या भरात शिट्टी मारली, तीही घरात. बाहेरून विमलबाईंचा आवाज आला, "काय झालं?"

"काई नाई! येतो!" लिलाबाई ओरडल्या.

भागिरथा घुटमळली. "पन आज मी खेळू का? लोक काय म्हनतीन? आमच्या गावात बाया बाजूले बसतेत."

"बाजूले?" लिलाबाईंनी कंबरेवर हात ठेवले. "ज्याची वाट पाहून डोये फुटले थे आलं, अन् तू बाजूले बसतं? पोटात दुखते का?"

"नाई."

"मंग चाल. पयल्या रांगेत."

मिरवणूक वस्तीतून निघून बाजारातून गेली. पुढं पंचशील ध्वज, मागं रथ, आणि मध्ये बायकांची लेझीम. सुरुवातीला दुकानांच्या पायऱ्यांवर कुजबुज झाली. मग शिट्टी वाजली, सगळे गुडघे एकदम वाकले, सगळ्या लेझिमा एकदम खणाणल्या आणि कुजबुज बुडून गेली. शेजारच्या बंजारा तांड्यावरच्या नानीबाई सरपणाची मोळी विकायला आल्या होत्या. त्यांनी मोळी खाली ठेवली, आरसे जडवलेल्या कांचळी-चोळीतले हात वर केले आणि जागच्या जागी फेर धरला. देवमन ड्युटीवर जाता जाता थांबला होता. भागिरथा त्याच्यासमोरून गेली तेव्हा घामानं न्हालेली होती, आणि लग्नाच्या आधी किन्हीराजाला पाहायला गेला तेव्हा ती हसली होती तशी हसत होती. त्यानं हात वर करून हिरवी झेंडी दाखवली.

वैशाखात ते पुन्हा अकोल्याला गेले. विमलबाईही सोबत होत्या. डॉक्टरीणबाईंनी भागिरथाचं वजन केलं, पुन्हा तपासलं, आणि त्यांचा कडक चेहरा सैलावला. "पाळी अजून मागंपुढं होईल. घाबरायचं नाही, सोडायचंही नाही. मूल होईल असं मला वाटतं, पण त्याच्यामागं धावू नका. काय केलंस गं एवढं?"

"लेझीम खेळली, बाई."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून ठेवला. "मी चालायला सांगितलं तरी कोणी ऐकत नाही. आणि तू लेझीम खेळलीस!"

"आमी सगळ्याच," विमलबाई मागून म्हणाल्या. "ह्या बुढीनं नाचवलं."

पुढं कधी पाळी लांबायची, कधी वेळेवर यायची. सणावारी जीभ चळायची, पण मग भागिरथा चार दिवस जास्त सराव करायची. मुलगी झाली ती आणखी तीन जयंत्या खेळून झाल्यावर, आणि तिच्या बारशाला लिलाबाईंनी पाहुण्यांना घुगऱ्या वाटल्या.

पण त्या वैशाखात, परतीच्या गाडीत, हे अजून कोणालाच ठाऊक नव्हतं. डबा बायकांनी गच्च भरला होता. लिलाबाईंनी शिदोरी सोडली. भाकर, जवसाची चटणी, कांदा. समोरच्या बाकावर एक लठ्ठ, दमलेली पोरगी आईशेजारी बसली होती. तिनं पदर हनुवटीपर्यंत ओढून घेतला होता. लिलाबाईंनी तिला न्याहाळलं, अर्धी भाकर तिच्या हातावर ठेवली आणि आईला विचारलं, "बाई, पोरगी तुमची का? चहा किती गोड पेते?"

आई गोंधळली. भागिरथा तोंडाला पदर लावून हसायला लागली. विमलबाईंनी सरकून जागा केली. "बस पोरी, अठी बस," त्या म्हणाल्या. "आमच्या आत्याबाईची गोठ ऐक. जऊळका याले अजून लय येळ हाये."