रिकामी जमीन

युद्ध संपलं की जमीन परत मिळेल, असं सैन्याचा साहेब आमच्याच ओसरीवर बसून, आमचीच कॉफी पिऊन म्हणाला होता. युद्ध संपलं. न्यू मेक्सिकोतल्या आमच्या त्या कुरणावर जर्मनांकडून आणलेली रॉकेटं उडायला लागली.

ती पडायची कुठे, हे शोधायला माणसं हवी होती. तिथला ओढा न् ओढा माझ्या थोरल्या भावाला, अन्सेल्मोला, पाठ होता. त्याला घेतलं, त्याच्यासोबत मलाही. आपल्याच जमिनीवर आम्ही पास दाखवून घोडे घालायचो.

सत्तेचाळीसच्या मार्चमध्ये एक रॉकेट सरळ वर गेलं आणि येताना भरकटलं. दोन दिवस शोधलं. तिसऱ्या दिवशी सकाळी अन्सेल्मोनं घोडा थांबवला. आमच्या विहिरीच्या जागी मोठा खड्डा पडला होता. पवनचक्की आडवी झाली होती. ती विहीर बाबांनी चार वर्षं खपून खणली होती.

खड्ड्याच्या कडेला अन्सेल्मोला पोलादी डबी सापडली. तिच्यात रॉकेटनं उंचावरून टिपलेली सूर्यकिरणांची फिल्म होती. तिच्यासाठी व्हिटकोम्ब नावाचा शास्त्रज्ञ दोन दिवस जेवला नव्हता.

जीप आली. कॅप्टन हॅडलीनं खड्डा पाहिला आणि म्हणाला, "नशीब, रिकाम्या जमिनीवर पडलं."

"रिकामी नव्हती साहेब," अन्सेल्मो म्हणाला. "तुम्ही केलीत."

"डबी मिळाली का?" व्हिटकोम्बनं विचारलं.

"मिळाली. पण आधी कागदावर लिहा, इथं आमची विहीर होती. पाणी होतं तिला."

मी हळूच म्हणालो, "दादा, दे ना. कशाला वाकडं घेतोस?"

"तू गप्प बस."

कॅप्टननं लिहिलं, खाली सही केली आणि कागद आम्हाला दिला. अन्सेल्मोनं खोगिराच्या पिशवीतून डबी काढून दिली. व्हिटकोम्बनं त्याला मिठीच मारली. "तुम्हाला कल्पना नाही, तुम्ही काय वाचवलंत!" म्हणाला. बिचारा खरंच रडत होता.

तो कागद संध्याकाळी माझ्या बायकोनं वाचून दाखवला. घरात इंग्रजी वाचता तिलाच येत होतं. 'एक कोरडी, पडीक विहीर. नुकसान नाही.'

अन्सेल्मोनं कागद परत मागून घेतला आणि बराच वेळ अक्षरांकडे बघत राहिला.

सरकारी वस्तू अडवून ठेवली म्हणून आठवड्याभरात त्याला कामावरून काढलं. निरोप माझ्याच हाती पाठवला. तो हसला. "तुला ठेवलं ना?" म्हणाला.

"मला पोरं आहेत, दादा."

"विहिरीत पाणी होतं, एवढं तरी सांगितलंस का त्यांना?"

मी सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं मला.

पुढे तो अ‍ॅरिझोनात दुसऱ्याची गुरं राखायला गेला आणि तिकडेच वारला. मी आणखी अकरा वर्षं रॉकेटं शोधली.