गारवा खाली उतरलाच नाही

मी एक जुनी नळी आहे, पण नळाला जोडतात किंवा बागेत लोळत असते तसली नव्हे. मित्रांनो, मी पेनातल्या रिफिलीएवढी बारीक आणि रबरासारखी मऊ आहे, आणि बरीच वर्षं एका बाईच्या कातडीखाली राहते आहे. डॉक्टर मला शंट म्हणतात. मला डोळे नाहीत. त्यामुळे मी सांगणार आहे ते सगळं ऐकलेलं आणि अंगावर घेतलेलं आहे.

माझा जन्म एका अतिशय स्वच्छ कारखान्यात झाला. तिथे काम करणाऱ्या एका बाईने मला दिव्याच्या उबेत धरून तपासलं, माझ्यातून पाणी सोडून पाहिलं आणि ती शेजारणीला म्हणाली, "चला, ही आता कुणाच्या तरी डोक्यात जाणार."

"तू तर रोजच माझ्या डोक्यात जातेस," शेजारीण म्हणाली. दोघी हसल्या आणि मी पाकिटात बंद झाले.

मी जिच्याकडे गेले ती तेव्हा कॉलेजात शिकत होती. तिला तापाचं मोठं दुखणं झालं होतं. ते मेंदूच्या आवरणापर्यंत पोचलं होतं. ताप गेला, पण जाताना एक खोड ठेवून गेला. तुम्हा सगळ्यांच्या मेंदूत रोज थोडं पाणी तयार होतं आणि रोज मुरून जातं. तिचं मुरेनासं झालं. ते साचून मेंदूवर दाब देऊ लागलं. तेव्हा डॉक्टरांनी माझं एक टोक मेंदूतल्या पोकळीत ठेवलं आणि मला कानामागून, मानेतून, गळ्याखालच्या हाडावरून कातडीखालून पोटापर्यंत नेलं. मध्ये एक छोटी झडप बसवली. दाब वाढला की झडप उघडायची आणि जास्तीचं पाणी मी गुपचूप पोटात नेऊन सोडायची. एवढंच माझं काम.

ती बरी झाली. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायला शिकली. घासणीच्या चाकाची घरघर तिच्या हाडांतून माझ्यापर्यंत यायची. तिचा हात इतका नेमका होता की गिऱ्हाइकं तिला भिंगताई म्हणू लागली. दुकानाचे मालक सांगायचे, "नंबर मी काढतो, पण दिसायला लागतं ते हिच्यामुळे." पुढे तिचं लग्न झालं. नवरा शाळेत गणित शिकवायचा. त्यांना मुलगी झाली. ती आईच्या मांडीवर बसून माझ्यावरून बोट फिरवायची.

"आई, तुझ्या मानेत दोरी आहे?"

"हो. ओढू नकोस हं, नाहीतर मी बाहुलीसारखे हात हलवायला लागेन."

बाकी माझी कुणाला फारशी आठवण नसे. त्याचं मला वाईट वाटलं नाही. माझं नाव निघत नव्हतं, म्हणजे सगळं सुरळीत होतं.

एकदा मात्र तिचं डोकं काही दिवस सारखं दुखलं. सगळे घाबरले. मीच तुंबले असणार, असं ठरवून डॉक्टरांनी तिचं डोकं उघडलं. मी तर व्यवस्थित वाहत होते. डोकेदुखी दुसऱ्याच कारणाची होती आणि ती आपोआप थांबली. पण टाक्यांत पू झाला आणि तिला कित्येक आठवडे अंथरुणाला खिळून राहावं लागलं. तेव्हापासून ऑपरेशन हा शब्द निघाला तरी तिच्या आईचा जीव खालीवर व्हायचा.

त्यानंतर काही वर्षांनी मी खरंच तुंबू लागले. माझ्या वरच्या टोकाला बारीक छिद्रं आहेत, त्यांत मेंदूतल्या पेशींचं जाळं शिरलं. एकेक छिद्र बुजत गेलं. मला ते कळत होतं, पण सांगणार कुणाला?

तिला सकाळी उठल्याबरोबर मळमळू लागलं. भिंगं चौकटीत तिरकी बसू लागली. दुधाचं भांडं गॅसवर ठेवून ती विसरून जायची.

"अगं, दिवसभर डोळे बारीक करून बसतेस, डोकं दुखणारच," नवरा म्हणायचा. "जरा झोप काढ."

"हे तसं नाही रे. हे आतून दाटून आल्यासारखं आहे."

"मागच्या वेळी पण तुला असंच वाटलं होतं."

पित्ताच्या गोळ्या झाल्या, अर्धशिशीच्या झाल्या. अख्खा हिवाळा तसाच गेला. मग एका सकाळी ती दुकानाच्या पायरीवर कोसळली आणि मालकांनीच तिला रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं.

तिथे डोक्याचा फोटो काढला. मेंदूच्या डॉक्टरांनी जुना फोटो मागवून घेतला. मग म्हणाले, "जुन्या फोटोत आणि यात फरक दिसत नाही. पण मोठ्या माणसांचं असंच असतं. दाब वाढला तरी पोकळ्या दर वेळी फुगत नाहीत. त्यामुळे या फोटोवरून शंट चालू की बंद, ते सांगता येत नाही."

"म्हणजे पुन्हा उघडून बघणार?" तिच्या आईने लगेच विचारलं.

"नाही, आजी. सुई घालून बघता येईल, पण त्यातूनही जंतू शिरू शकतात. आधी नळीलाच बाहेरून विचारून पाहू."

एक परिचारिका आली. तिने गळ्याखालच्या हाडावर, बरोबर माझ्या वाटेवर, तापमान मोजणारी एक पट्टी चिकटवली आणि वर मानेवर बर्फाची पिशवी ठेवली. "गार लागेल हं, ताई," ती म्हणाली. "नळीतलं पाणी वाहत असेल तर ते इथे गार होऊन खाली येईल आणि पट्टीला कळेल."

"आणि वाहत नसेल तर?" आईने विचारलं.

"तर पट्टीला काहीच कळणार नाही."

मित्रांनो, इतक्या वर्षांत मला कुणी पहिल्यांदाच काही विचारत होतं. बर्फाचा गारवा कातडीतून माझ्यात शिरला. मी त्याला मनातून खाली ढकलत होते. उतर, बाबा, उतर. पण पाणी हललं नाही. गारवा खाली उतरलाच नाही.

डॉक्टरांनी घाई केली नाही. "चांगला शंटसुद्धा मधूनच थोडा वेळ थांबतो. एकदा पुन्हा करू." या वेळी झडपेवर थरथरणारं एक छोटं यंत्र धरलं, म्हणजे वाट मोकळी असेल तर पाणी हलावं. पुन्हा बर्फ, पुन्हा वाट पाहणं. काहीच आलं नाही. मग बंद पापणीवर जेल लावून सोनोग्राफीने डोळ्यामागची नस पाहिली. तिचं आवरण फुगलं होतं, म्हणजे आत दाब वाढला होता.

डॉक्टर पलंगाजवळ स्टूल ओढून बसले. "तुम्ही सांगत होता ते खरं होतं. नळी बंद आहे. आजच बदलू या."

ती रडू लागली. नवऱ्याने तिचा हात धरला. "मी तुला झोप काढायला सांगत राहिलो," तो म्हणाला आणि तोही रडू लागला.

"आता तू रडू नकोस," ती म्हणाली. "माझं डोकं दुखतंय."

तिच्या आईला रडता रडताच हसू फुटलं.

ऑपरेशनात माझं बुजलेलं टोक आणि झडप काढून टाकली. खालचा भाग मांसाला घट्ट चिकटला होता, ओढला असता तर इजा झाली असती, म्हणून तो तिथेच राहू दिला. तो भाग म्हणजे मी. आता डाव्या बाजूने नवी नळी वाहते, आणि उजवीकडे मी नुसती पडून असते.

डोकेदुखी गेली, विसरणं गेलं. पण डोळ्यामागच्या नसेवर इतके दिवस दाब पडला होता, त्यामुळे तिच्या डाव्या डोळ्याची कडेची नजर परत आली नाही. त्या हिवाळ्यात जे गेलं ते गेलं. ती दुकानात जाते, पण भिंगं आता दुसरी मुलगी घासते. भिंगताई गिऱ्हाइकांच्या नाकावर चौकट बसवून देते. घासणीची घरघर सुरू झाली की ती बोलता बोलता थांबते. मलाच ते कळतं.

मित्रांनो, माझ्यासारख्या नळ्या पुष्कळ लोकांच्या अंगात असतात. त्यांच्यापैकी कुणी म्हणालं, "मला आज बरं वाटत नाही, हे नेहमीसारखं नाही," तर त्याला मागच्या वेळची आठवण करून देऊ नका. त्याला तपासायला घेऊन जा. बर्फाची पिशवी मानेवर ठेवायला फार वेळ लागत नाही. पण त्याआधी कुणीतरी त्याचं म्हणणं खरं मानावं लागतं.